निरोपाच्या भाषणात न येणारा अनुभव

(नाशिकच्या इंदिरानगर येथे निवृत्त व कार्यरत व्यवस्थापक आणि लघुउद्योजक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता.)

दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील कोणत्या तरी कारखान्यात निरोपाचा समारंभ असतो. जेवणाच्या सुट्टीनंतर कॅन्टीनमधील टेबले भिंतीला लावली जातात, फळ्यावर सत्कारमूर्तीचे नाव रंगीत खडूने लिहिले जाते, शाल, श्रीफळ आणि भेटवस्तू दिली जाते. सहकारी चार शब्द बोलतात. शेवटी सत्कारमूर्ती उभे राहतात, कंपनीचे ऋण मानतात, पत्नीने संसार सांभाळला म्हणून इतकी वर्षे निर्धास्तपणे पाळ्या करता आल्या असे सांगतात, कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा मागतात. सायंकाळी कंपनीची गाडी त्यांना इंदिरानगरच्या घरी सोडते. गाडीत नारळाबरोबर एक पिशवी असते आणि त्या पिशवीत दिवाळीला पुरवठादारांकडून भेट आलेल्या पंचवीस-तीस डायऱ्या असतात. कोणत्या यंत्राची कोणती खोड कोणत्या ऋतूत डोके वर काढते, कोणाचा माल पावसाळ्यात तपासल्याशिवाय उतरवून घेऊ नये, कामगारांशी वाटाघाटी चालू असताना कोणते वाक्य तोंडातून जायला नको होते, हे सारे त्या डायऱ्यांत तुटक अक्षरांत नोंदवलेले असते. काही वर्षांनी घर रंगवायला काढले की डायऱ्या रद्दीत जातात.

नाशिकमध्ये ही गोष्ट किती मोठ्या प्रमाणावर घडत आहे, याचा विचार करायला हवा. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली आली, चलनी नोटांचा छापखाना १९२८ साली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर सातपूर व पुढे अंबड या वसाहती वाढत गेल्या. १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना उभा राहिला. मायको आली, जी २००८ पासून बॉश म्हणून ओळखली जाते, महिंद्र आली. या कारखान्यांसाठी खानदेशातून, नगर जिल्ह्यातून, कोकणातून आयटीआय किंवा पदविका घेतलेले तरुण आले. कामगार म्हणून लागलेले कित्येक जण पुढे सुपरवायझर झाले, विभागप्रमुख झाले. त्यांनी सिडकोत आणि इंदिरानगरात घरे बांधली. ज्यांनी हे शहर यंत्रभूमी म्हणून उभे केले, ती पिढी आता जवळजवळ सगळी निवृत्त झाली आहे. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी सहा वाजता जी मंडळी चालतात, त्यांच्या डोक्यात मिळून किती हजार वर्षांचा कारखानदारीचा अनुभव असेल, याचा हिशेब कोणी केलेला नाही. आणि त्याच वेळी तेथून थोड्याच अंतरावर, अंबडच्या एखाद्या गाळ्यात, तिशीचा एक उद्योजक तीच चूक करत असतो, जी ट्रॅकवरच्या कोणीतरी फार वर्षांपूर्वी करून, नुकसान सोसून, दुरुस्त केलेली असते.

व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके कमी नाहीत. प्रश्न पुस्तकांचा नाही. पावसाळ्यात ग्राइंडिंग झालेल्या जॉबवर एका रात्रीत गंज का धरतो, हे पुस्तकात सापडते. पण आपल्याच गाळ्यात तो गुरुवारच्या पाळीलाच का धरतो, हे सापडत नाही. कूलंटचे प्रमाण तपासणारा माणूस त्या दिवशी साप्ताहिक सुट्टीवर असतो आणि बदली माणूस अंदाजाने पाणी ओततो, ही गोष्ट ज्याला एकदा सारा माल परत आल्यावर कळलेली असते, तोच पुढच्या ठिकाणी गेल्यावर आधी सुट्टीचे वेळापत्रक पाहतो. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ साली अशा जाणतेपणाची मांडणी केली. माणसाला जितके सांगता येते त्यापेक्षा त्याला अधिक कळत असते, हा त्याचा गाभा. आपल्याकडे यासाठी ‘हातगुण’ असा साधा शब्द आहे. मात्र हातगुण म्हटले की ती दैवी देणगी ठरते आणि मग ती कोणी कोणाला शिकवण्याचा प्रश्नच मिटतो. तेथेच घोटाळा होतो.

जपानमध्ये मात्सुशिता कंपनीला ऐंशीच्या दशकात घरगुती पाव तयार करणारे यंत्र बनवायचे होते. कणीक मळणे काही केल्या जमेना. पाव बाहेरून करपे आणि आतून कच्चा राही. कणकेची क्ष-किरण छायाचित्रे काढूनही उलगडा होईना. तेव्हा इकुको तानाका या तरुणीने ओसाकातील एका नामांकित हॉटेलच्या मुख्य पाव-कारागिराकडे शागिर्दी केली. तो कणीक केवळ मळत नाही, ओढताना तिला पीळ देतो, हे तिला त्याच्याशेजारी उभे राहून काम केल्यावर दिसले. त्या कारागिराला विचारले असते तर त्याने ते सांगितले नसते, कारण आपण असे काही करतो याची त्यालाही जाणीव नसावी. १९८७ मध्ये ते यंत्र बाजारात आले. आपल्याकडची कोणतीही आजी पुरणाची कणीक मळायला सुनेला शिकवते ती अशीच, शेजारी उभे करून. तीही प्रमाण सांगत नाही, ‘हाताला कळते’ म्हणते.

परंतु प्रत्येक अनुभव शेजारी उभे राहून घेता येत नाही. माणसे निवृत्त होतात, बदलतात, जातात. म्हणून तो लिहावा लागतो. महाराष्ट्राला ही गोष्ट नवीन नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी शिवछत्रपतींच्या काळापासून राज्यकारभार पाहिला, पुढे राजारामांच्या काळात स्वराज्यावर आलेल्या घोर संकटातून मार्ग काढला आणि उतारवयात, १७१५ च्या सुमारास, ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. ते कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावे आहे. हा ग्रंथ राजनीतीचा म्हणून वाचला जातो आणि ते योग्यच आहे. पण एका ज्येष्ठ व्यवस्थापकाने पुढच्या पिढीच्या हाती दिलेली ही अनुभवाची वहीही आहे. किल्ल्यावर कोणाला ठेवावे, दारूगोळ्याची व पाण्याची निगा कशी राखावी, सावकारांना कसे सांभाळावे, समुद्रावरून आलेल्या टोपीकरांना किनाऱ्यालगत जागा का देऊ नये, हे सारे त्यात आहे. आरमारासाठी लाकूड लागते, पण रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत. जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्यातला विचार आहे. असे वाक्य तत्त्वज्ञान म्हणून सुचत नाही. कोठेतरी झाड तोडले गेले असेल, कोणी तरी रडत दरबारात आले असेल, त्याशिवाय इतका बारीक तपशील लेखणीत उतरत नाही. समर्थांनीही दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास खर्ची घातला आहे. ज्या समाजाला लिहून ठेवण्याचे महत्त्व इतक्या पूर्वीपासून ठाऊक होते, त्या समाजातील कारखान्यांत आज लिहिले जाते ते प्रमाणपत्र देणाऱ्या तपासनीसासाठी! नोंदवह्या त्याच्या भेटीच्या आदल्या आठवड्यात भरल्या जातात, हे येथे बसलेल्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

मराठी उद्योगजगतात अनुभव लिहिण्याची चांगली परंपरा किर्लोस्करवाडीने घातली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली, म्हणून नोकरी सोडून ते बेळगावला आले. बंधू रामूअण्णांबरोबर त्यांनी सायकली विकल्या, मग चारा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर काढला. नांगर विकायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर उत्तम असूनही तो खपत नव्हता. अडचण ओतकामात नव्हती, समजुतीत होती, आणि तिच्यावर यंत्रशाळेत उपाय सापडणारा नव्हता. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने १९१० साली कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ही कहाणी आज प्रेरणादायी म्हणून शाळेत सांगितली जाते. प्रेरणेसाठी तिचा शेवट पुरतो. व्यवस्थापन शिकायचे तर मधली दोन वर्षे अधिक मोलाची आहेत.

१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे गृहपत्र सुरू केले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक घडले आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्र अभियंता होऊन परतले. १९८२ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, त्याला त्यांनी ‘कॅक्टस अँड रोझेस’ असे नाव दिले. निवडुंग आधी आणि गुलाब नंतर! यशस्वी उद्योगपतींच्या चरित्रांत हा क्रम सहसा उलटा असतो आणि कित्येकांत निवडुंग सापडतच नाही.

या मराठी गृहपत्राशी मिळतीजुळती एक घटना बेचाळीस वर्षांनी जपानमध्ये घडली. १९५० मध्ये डेमिंग आणि १९५४ मध्ये ज्युरान यांनी तेथे व्याख्याने दिली होती, पण ती मुख्यतः वरिष्ठ अधिकारी व अभियंते यांच्यासाठी होती. प्रत्यक्ष यंत्रावर उभा असणारा फोरमन त्या ज्ञानापासून दूरच होता. १९६२ मध्ये जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघटनेने फोरमन लोकांसाठी एक नियतकालिक काढले. काओरू इशिकावा त्यामागे होते. फोरमनला ते स्वतःच्या पैशाने घेता यावे, अशी त्याची किंमत ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता. एकट्याने वाचले जाईना, तेव्हा कारखान्याकारखान्यात लहान गट करून वाचन सुरू झाले. या वाचनगटांतून ‘क्वालिटी सर्कल’ जन्माला आले. भारतात १९८० साली भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या हैदराबाद येथील कारखान्यात ते आले आणि तेथून सर्वत्र पसरले. नाशिकच्या कारखान्यांतही गुणवत्ता मंडळे झाली, त्यांच्या स्पर्धा झाल्या, ढाली मिळाल्या. स्पर्धेत मात्र एक उणीव राहते. व्यासपीठावर तोच प्रकल्प मांडला जातो जो यशस्वी झाला. सहा महिने खपून जो फसला, तो सादर करायला कोणता गट उभा राहील? आणि उभा राहिलाच तर त्याला कोण गुण देईल?

येथे या विषयाच्या गाभ्याशी येणे होते. व्यवस्थापकाच्या अनुभवाचा उपयोग होतो तो चुकलेल्या निर्णयाच्या प्रामाणिक कथनातून. आणि असे कथन होण्यासाठी सांगणाऱ्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते. सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही ही एक, आणि आपल्या घराबाहेरच्या माणसालाही त्याचा उपयोग होणार आहे ही दुसरी. यांतली एकही नसेल तर काय होते, याचे उदाहरण विमानवाहतुकीत आहे. ओझरच्या कारखान्यात मिग आणि पुढे सुखोई विमाने ज्यांनी बांधली, त्यांच्या शहरात ते सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

१ डिसेंबर १९७४ या दिवशी अमेरिकेत ‘टीडब्ल्यूए ५१४’ हे प्रवासी विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरत असताना डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. हवामान वाईट होते. उतरण्याची परवानगी देताना नियंत्रण कक्षाने वापरलेल्या शब्दांचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकाच्या मनात दुसरा होता. विमान त्या जागी असायला हवे त्यापेक्षा खाली आले. चौकशीत पुढे आलेली गोष्ट अधिक विदारक होती. त्याआधी सुमारे सहा आठवडे युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाने त्याच ठिकाणी तीच चूक केली होती आणि ते थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला प्रामाणिकपणे सर्व सांगितले. कंपनीनेही शहाणपणाने आपल्या सर्व वैमानिकांना सावध केले. आपल्या वैमानिकांना! दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत ती सूचना पोहोचावी अशी काही व्यवस्थाच नव्हती. तो अनुभव एका घरात राहिला.

यानंतर अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने वैमानिकांनी आपल्या चुका स्वतःहून कळवाव्यात अशी योजना आखली. परंतु जे खाते परवाना रद्द करू शकते, त्याच खात्याकडे आपली चूक कोण लिहून पाठवील? हे ध्यानात आल्यावर १९७६ पासून हे काम ‘नासा’ या संस्थेकडे सोपवण्यात आले. तिला कोणाचा परवाना काढून घेण्याचा अधिकार नव्हता. आलेल्या पत्रातून नाव-गाव काढून टाकले जाते. हेतुपुरस्सर न केलेली चूक दहा दिवसांच्या आत कळवली तर दंडातूनही बहुधा सूट मिळते. अपघात आणि गुन्हा मात्र या सवलतीत बसत नाहीत. निवडक अनुभव एका छोट्या मासिक पत्रिकेतून सर्वांसाठी प्रसिद्ध केले जातात. पन्नास वर्षे होत आली, ही व्यवस्था टिकून आहे. तिचे मर्म यंत्रात किंवा संगणकात नाही. ऐकणारा आणि शिक्षा करणारा हे दोघे वेगळे असावेत, एवढ्या साध्या जाणिवेत ते आहे.

अंबडमध्ये हे कसे जमेल, असे कोणी विचारील. येथे तर शेजारचा गाळेधारक प्रतिस्पर्धी असतो, एकाच मोठ्या कंपनीच्या जॉबवर्कसाठी दोघे दर पाडत असतात. ही अडचण खरी आहे आणि ती गोड बोलून झाकण्यात अर्थ नाही. किमतीची, ग्राहकाची, नव्या डायची माहिती कोणी देणार नाही, देऊही नये. पण हायड्रॉलिक प्रेसवर बोट जाण्याचा प्रसंग, उधारीत बुडालेला व्यवहार कोणत्या क्षणी थांबवता आला असता त्याची आठवण, जुना विश्वासू सुपरवायझर सोडून गेला तेव्हा त्यामागचे पगाराव्यतिरिक्तचे कारण. यात स्पर्धेचे असे काय आहे? यातील प्रत्येक गोष्ट दहा गाळ्यांत स्वतंत्रपणे, दहा वेळा पैसे मोजून शिकली जाते. निवृत्त माणसाला तर स्पर्धाच उरलेली नसते. त्याच्याकडे बढती रोखण्याची सत्ता नाही आणि त्याची बढती रोखणारेही कोणी नाही. ‘नासा’ने जी तटस्थता नियम करून मिळवली, ती त्याच्या ठायी वयाने आपोआप आलेली आहे.

तरीही तो सांगत नाही. याला कारण त्याचा स्वभाव नव्हे, आपली ऐकण्याची रीत आहे. आपल्याकडे ज्येष्ठांना मान असतो आणि तो असलाच पाहिजे. परंतु ‘काका, तुमचं काय चुकलं होतं?’ असे विचारणे त्या मानात बसत नाही. तरुण विचारतो, ‘काका, तुम्ही हे सगळं कसं साध्य केलंत?’ असे विचारल्यावर काकांना साध्य केलेलेच सांगावे लागते. मग ‘आमच्या वेळी’ सुरू होते, तरुण मोबाइल पाहू लागतो आणि दोघांची वेळ वाया जाते. शिवाय दीर्घ अनुभव हा प्रत्येक वेळी शहाणपणच असतो असे नाही. तीच एक सवय तीस वर्षे गिरवलेली असू शकते. जुन्या लेथवर कानाने आवाज ऐकून टूल बदलणारा कारागीर संगणकीय यंत्रासमोर तोच कान लावून बसला, तर नुकसानही होते. म्हणून अनुभव ऐकताना प्रसंग ऐकावा, निष्कर्ष जपून घ्यावा. त्या दिवशी समोर काय दिसत होते, कोणती माहिती हाताशी नव्हती, कोणता पर्याय मनात येऊन टाकून दिला, हे विचारावे. निष्कर्ष त्या काळाचा असतो, प्रसंगातली माणसे मात्र फारशी बदललेली नसतात.

सार्वजनिक कामात अनुभव न पोहोचण्याची किंमत आणखी जबर असते. नाशिककरांना २७ ऑगस्ट २००३ हा दिवस आठवतो. सिंहस्थाच्या शाही पर्वणीला पंचवटीतील सरदार चौकाजवळच्या चिंचोळ्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविक गेले. उधळलेली नाणी उचलण्यासाठी लोक वाकले, असे त्या वेळी सांगण्यात आले. पण नाणी हे निमित्त असते. उतार, अरुंद गल्ली आणि समोरासमोर येणारे दोन लोंढे ही कारणे असतात. चौकशी आयोग नेमला गेला, शिफारशी झाल्या. २०१५ च्या सिंहस्थात मार्गांचा फेरविचार झाला, नवे घाट बांधले गेले, येणाऱ्या आणि परतणाऱ्या गर्दीचे रस्ते वेगळे ठेवले गेले. तो मेळा चेंगराचेंगरीविना पार पडला. ही नाशिकच्या प्रशासनाची मोठी कामगिरी होय आणि तिचे श्रेय उदार मनाने द्यायला हवे.

मात्र २०१५ चा अनुभवही पूर्ण सांगायला हवा. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक झाला की भाविकांना मैलोगणती चालावे लागले, शहरवासीयांना आपल्याच गल्लीतून बाहेर पडणे अवघड झाले आणि अपेक्षेच्या मानाने गर्दी कितीतरी कमी राहिली. बारा वर्षांपूर्वीची दुर्घटना सर्वांच्या मनात होती. भीतीने शिकलेला धडा बहुधा दुसऱ्या टोकाला जातो. प्रशासनावर टीका झाली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला काही निर्बंध सैल केले गेले, लोक मोठ्या संख्येने आले आणि सुखरूप परतले. त्या पंधरा दिवसांत कोणी कोणाला काय सांगितले, कोणता अडथळा कोणाच्या आग्रहाने हटला, कोणत्या हवालदाराने किंवा महापालिकेच्या कोणत्या कनिष्ठ अभियंत्याने ‘साहेब, येथे लोक तुंबतात’ असे म्हटले, त्यातच या मेळ्याचे व्यवस्थापनशास्त्र दडलेले आहे. अहवालात अंतिम आराखडा येतो. तो कसा बदलला, हे ज्यांनी बदलला त्यांच्याजवळच राहते.

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. जिल्ह्याचे अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतात. एकाच खुर्चीवर बसून दोन सिंहस्थ पाहिलेला अधिकारी मिळणे जवळजवळ अशक्य. दोन-तीन सिंहस्थ पाहिलेली माणसे असतात ती वेगळी: रामकुंडावरचे पुरोहित, गोदाघाटावरचे जीवरक्षक, पाणीपुरवठ्याचे फिटर, वाहतूक शाखेतून निवृत्त झालेले हवालदार, अन्नछत्रात वाढणारे आणि हरवलेल्यांना शोधणारे स्वयंसेवक. २०२५ साली नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणासाठी कायदा झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्याच वर्षी २९ जानेवारीला, मौनी अमावास्येच्या पहाटे, प्रयागराजच्या संगमावर चेंगराचेंगरीत किमान तीस भाविकांचा मृत्यू झाला. नाशिकजवळ २००३ चा आणि २०१५ चा, दोन्ही अनुभव आहेत. ते ज्यांच्याजवळ आहेत त्यांतील बरेच जण आता सत्तरीच्या घरात आहेत.

गणेशोत्सव मंडळ असो, पतसंस्था असो वा सेवाकार्य, कार्यक्रम झाल्यावर समीक्षा बैठक घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. बहुतेक बैठकांत जमाखर्च वाचला जातो, आभार मानले जातात आणि ‘पुढच्या वर्षी अधिक चांगले करू’ असे म्हणून चहा होतो. या बैठकीतील पंधरा मिनिटे एका माणसाला द्यायला काय हरकत आहे? त्याने एकच प्रसंग सांगायचा, तो स्वतःच्या निर्णयाचा असायचा, त्यात दुसऱ्या कोणाचे नाव घ्यायचे नाही. ऐकणाऱ्यांनी मध्येच उपदेश करायचा नाही. एकाने लिहून घ्यायचे आणि ते लिहिलेले सांगणाऱ्याला दाखवूनच पुढे द्यायचे. पहिल्या खेपेला सर्वात ज्येष्ठाने बोलावे, कारण वरिष्ठाने आपली चूक सांगितल्याखेरीज कनिष्ठ आपली सांगत नाही. एका बैठकीत एवढे झाले तरी पुरे. त्याची समिती, उपसमिती आणि घोषवाक्य करण्याची घाई नको.

आणि हे अनुभव कोठे शोधायचे, असा प्रश्न पडला तर एक ठिकाण अगदी जवळ आहे. कारखान्यातील वाईट दिवस कारखान्यात नोंदला जात नाही, पण घरात नोंदला जातो. रात्रपाळीत भट्टी बंद पडली तो दिवस, ज्या मुलाला अपघात झाला त्याच्या आईवडिलांना भेटून यावे लागले तो दिवस, माल परत आल्याचा दूरध्वनी आला ती दिवाळी. वहिनींना हे सारे तारीखवार ठाऊक असते. त्या दिवशी ते जेवले नव्हते, गॅलरीत बसून होते, मुलांवर विनाकारण ओरडले होते. काय झाले ते त्यांनी त्या रात्री सांगितले नाही. आठ-पंधरा दिवसांनी, चहा घेताना, थोडे थोडे सांगितले. इंदिरानगरच्या कित्येक घरांत हा इतिहास स्वयंपाकघराच्या ओट्याशी जमा आहे. नातू अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असेल, त्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर त्याने एका रविवारी आजोबांच्या डायऱ्या माळ्यावरून खाली काढाव्यात, आजीला शेजारी बसवावे आणि पहिला प्रश्न तिलाच विचारावा.